जोतिबाच्या गुलालातला चेहरा : एका बिघडलेल्या फोटोची दुरुस्ती

चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर काढलेला हा फोटो. देवळाच्या आवारात सत्तरीतले एक आजोबा उभे आहेत, घरचे त्यांना आबा म्हणतात. डोक्याला फेटा, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा, अंगात पांढरा सदरा. मागे उजवीकडे सासनकाठी, म्हणजे मानाची उंच काठी, नाचवली जातेय, डावीकडे दीपमाळ, त्यामागे देवळाचा काळा दगड आणि माणसंच माणसं. नातवानं गर्दीत हात उंच करून मोबाइलवर फोटो काढला आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी मूठभर गुलाल उधळला.

फोटोत सगळं आलंय, आबा सोडून. चेहरा सपाट गुलाबी झालाय. नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो, कळत नाही. अख्खी चौकट कललेली. उजव्या कडेनं परक्या माणसाचा कोपरापासूनचा हात आत घुसलाय, हातात त्याचा मोबाइल. लांबचं देऊळ गुलाबी धुरकट दिसतं, तर आबांच्या पायाजवळच्या सावल्या हिरवट. घरच्यांची मागणी साधी होती : "गुलाल तेवढा पुसता येतोय काय बघा की. आबांचा चेहरा दिसला म्हणजे झालं. बारा-पंधरा करून फ्रेम करायची हाय."

यातली दुसरी गोष्ट जमते, पहिली जमत नाही. गुलाल ही अपारदर्शक पूड आहे. ती जिथं गालावर बसली आहे, तिथं खालच्या कातडीचा उजेड कॅमेऱ्यापर्यंत पोचलेलाच नाही. गुलाल 'काढायचा' म्हणजे आबांचा गाल मनानं रंगवायचा, आणि मनानं रंगवलेला गाल आबांचा नसतो. शिवाय जोतिबाला जाऊन आलेला माणूस कोरा कसा दिसेल? त्यामुळे काम सुरू करण्याआधीच घरच्यांशी एक गोष्ट ठरवून घेतली : गुलाल राहणार, त्याच्याखालची चेहऱ्याची घडण परत आणायची. हे आधी बोलून घेतलं नाही, तर शेवटी "अजून थोडा काढा की" ही चर्चा संपत नाही.

आधी मूळ फाइल

पहिल्यांदा आलेली फाइल व्हॉट्सअॅपवरून फॉरवर्ड झालेली होती, १२०० बाय १६०० पिक्सेलची. नातवाच्या मोबाइलमधली मूळ फाइल ३००० बाय ४००० ची निघाली. हा फरक छपाईत कळतो. सरळ करणं आणि कातरणं झाल्यावर मूळ फाइलमधून २४०० बाय ३००० चा भाग हाती राहिला. १२ बाय १५ इंचाला तो बरोबर २०० पिक्सेल प्रति इंच पडतो. भिंतीवर तीन-चार फुटांवरून पाहायच्या फ्रेमला तेवढं पुरतं. तोच भाग व्हॉट्सअॅपच्या फाइलमधून घेतला असता तर ९६० बाय १२०० उरला असता, म्हणजे इंचाला ८० पिक्सेल. एवढ्यावर चष्म्याच्या काडीच्या पायऱ्या दिसू लागतात.

पिक्सेल हा त्यातला अर्धाच भाग. व्हॉट्सअॅप फोटो पुन्हा दाबतं, आणि सगळ्यात आधी रंगातला तपशील जातो. जेपेगमध्ये उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवतात, रंगाची माहिती मात्र बहुतेक वेळा आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना निम्मी करतात. साध्या फोटोत हे डोळ्याला कळत नाही. गुलालाच्या फोटोत सगळा खेळच रंगाचा, म्हणून फेट्याच्या कडेला चौकोनी ठोकळे पडतात आणि कानाचा गुलाबी रंग मागच्या दगडावर सांडतो. एचडी पर्याय निवडला तरी दाबणं कमी होतं, थांबत नाही. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर केबल लावून काढून घ्या.

मूळ फाइलसोबत टिपणही मिळतं : अॅपर्चर एफ १.८, आयएसओ ५०, शटर १/१००० सेकंद, फ्लॅश बंद. यावरून एक शंका जागच्या जागी मिटली. १/१००० ला हात हलल्याचा परिणाम दिसत नाही. म्हणजे चेहरा 'ब्लर' नाही, शार्पन करून काही साधणार नाही. बिघाड दुसरीकडेच आहे.

रेड चॅनल मेलेला, ग्रीन जिवंत

कुठल्याही रंगीत फोटोत तीन काळे-पांढरे फोटो एकावर एक असतात : रेड, ग्रीन आणि ब्लू चॅनल. हे तीन वेगवेगळे उघडून पाहिले की रोग सापडतो. या फोटोत आबांच्या गालावर आणि कपाळावर रेड चॅनलचा आकडा सगळीकडे २५५, म्हणजे कमाल. चढ नाही, उतार नाही, सुरकुती नाही. ब्लू चॅनल ११० ते १६० मध्ये फिरतो, पण त्यात दाणे फार. ग्रीन चॅनल मात्र ६२ पासून ११८ पर्यंत चढ-उतार करतो, आणि त्या छप्पन्न पायऱ्यांमध्ये अख्खा चेहरा सुखरूप बसलेला आहे.

ग्रीन चॅनल शंभर टक्के झूमवर पाहिला तेव्हा चष्म्याची उजवी काच समोर आली. रंगीत फोटोत ती काच म्हणजे गुलाबी ठिगळ होतं. ग्रीनमध्ये तिच्यावर बोटानं गुलाल पुसल्याचे दोन तिरके पट्टे दिसले, आणि त्या पट्ट्यांतून उघडी पापणी, बुबुळाची कड आणि डोळ्याच्या कोपऱ्यातल्या तीन सुरकुत्या. आबा हसत होते. रंगीत फोटोत हे कुणालाच कळलं नव्हतं. घरच्यांना पहिल्यांदा हाच चॅनल दाखवला, आणि 'गुलाल काढा' ही मागणी तिथंच मागे पडली.

असं का होतं, तेही समजून घेण्यासारखं आहे. गुलाल तांबडा आणि थोडा निळा उजेड परत फेकतो, हिरवा शोषून घेतो. उन्हात रेड चॅनल भरून वाहतो आणि ग्रीन मात्र मधल्या पट्टीत राहतो. मोबाइल एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा, ते ठरवताना एकूण उजेड पाहतो, आणि त्या हिशेबात हिरव्याचं वजन सर्वांत जास्त असतं : ढोबळमानानं ५९ टक्के हिरवा, ३० टक्के तांबडा, ११ टक्के निळा. गालावरचा एक पिक्सेल घ्या, रेड २५५, ग्रीन ८०, ब्लू १३०. या वजनांनी त्याचा उजेड भरतो २५५ पैकी १३८. मोबाइलला वाटतं, उजेड अगदी मध्यावर आहे, सगळं ठीक. रेड कधीच फुटलेला असतो आणि स्क्रीनवरच्या साध्या हिस्टोग्रामला (उजेडाच्या आलेखाला) त्याचा पत्ता नसतो. त्यात मोबाइल स्वतःहून रंग भडक करून फाइल साठवतो, म्हणजे उरलीसुरली पायरीही जाते.

हवेतल्या गुलालाचंही तसंच. उडालेली पूड मागून ऊन आलं की चमकते आणि सगळ्या दृश्यावर गुलाबी पडदा टाकते. तो पडदा रेडमध्ये सर्वांत दाट, ब्लूमध्ये मध्यम आणि ग्रीनमध्ये सर्वांत विरळ असतो. गुलालाच्या आरपार सर्वांत चांगलं ग्रीन पाहतो, असं म्हटलं तरी चालेल.

तुमच्याकडच्या फोटोत जीव आहे का, हे मिनिटभरात तपासता येतं. स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइट उघडा आणि रंगीत फिल्टरांतला हिरवा निवडा. चेहऱ्यात नाक-डोळे उमटले तर पुढचं सगळं करण्यात अर्थ आहे. हिरव्यातही सपाट दिसला तर त्या फोटोचा नाद सोडलेला बरा.

सरळ कशाला धरायचं

मोबाइलच्या 'ऑटो स्ट्रेटन'नं हा फोटो आणखी वाकडा केला. चौकटीत सर्वांत लांब, ठळक, उभी रेघ सासनकाठीची. सॉफ्टवेअरनं तीच ओळंबा मानली. पण नाचवताना काठी झुकणारच, दोऱ्यांनी ती तोलून धरावी लागते ती उगीच नव्हे. काठी सरळ झाली आणि देऊळ कोसळायला आलं.

दीपमाळेवरही डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही, कारण ती वर निमुळती होते. तिची डावी कड घेतली तर एक उत्तर येतं, उजवी घेतली तर दुसरं. दोन्ही कडांच्या मधोमध जाणारा अक्ष धरायचा. तो इथं ३.५ अंशांनी कललेला निघाला. देवळाच्या जोत्याच्या आडव्या थरांवर रेघ धरून ताळा केला, तोही जुळला. काठी तिरकीच ठेवली. फोटोतली हालचाल तिच्यातच आहे.

साडेतीन अंश फिरवल्यावर कोपरे रिकामे पडतात. ते वगळून तेच प्रमाण राखलं तर ३००० बाय ४००० मधून सुमारे २७८० बाय ३७०० उरतात, म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्हींत सात टक्क्यांहून थोडं जास्त जातं. फिरवणं सुरुवातीला, कातरणं अगदी शेवटी. आधीच कातरून टाकलं तर कडेचा हात झाकायला लागणारा दगड आणि गर्दीचा तुकडा कुठून आणणार?

चेहरा परत आणणं

काम फोटोशॉपमध्ये केलं; गिम्पमध्ये हेच सगळं फुकट होतं. पहिली पायरी, फाइल १६ बिटमध्ये, म्हणजे रंगाच्या जास्त बारीक पायऱ्यांत, नेणं. मूळ जेपेग ८ बिटचीच असली तरी पुढच्या ओढाताणीत आकडे गोल होऊन पट्टे पडतात, ते यानं कमी होतात. फाइलला डिस्प्ले पी३ प्रोफाइल (रंगाचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी नोंद) असेल तर ती तशीच उघडा. प्रोफाइल दुर्लक्षून एसआरजीबी समजून उघडली की गुलाल विटलेला दिसतो आणि माणूस सॅच्युरेशन वाढवत बसतो.

रंगातले ठोकळे आधी घालवले. लॅब (Lab) नावाच्या रंगपद्धतीत उजेडाचा चॅनल वेगळा आणि रंगाचे दोन चॅनल वेगळे असतात, ए आणि बी. फक्त त्यांच्यावर ३ पिक्सेलचा गाउसियन ब्लर दिला. उजेडाच्या चॅनलला हात लावला नाही, त्यामुळे तपशील जागेवर राहिला आणि रंगाच्या कडा मऊ झाल्या. फेटा आणि कानाच्या कडेला रंग पसरू नये म्हणून तिथं ब्लर मास्कनं (परिणाम कुठं लागू व्हावा ते ठरवणाऱ्या झाकणानं) अडवला.

मग मुख्य उपाय. मूळ लेयरची प्रत काढून तिला चॅनल मिक्सरनं काळी-पांढरी केली : रेड १०, ग्रीन ७५, ब्लू १५. बेरीज शंभर. या लेयरचा ब्लेंड मोड लुमिनॉसिटी ठेवला. गिम्पमध्ये त्यासाठी एलसीएच लाइटनेस आहे. याचा अर्थ असा की रंग खालच्या फोटोचा आणि उजेड-सावली वरच्या लेयरची. काळा मास्क लावून चेहरा, फेटा आणि सदऱ्याचा वरचा भाग तेवढाच मोकळा केला. गाल उठून आला, नाकाची सावली पडली, चष्म्याची काडी कानापर्यंत गेली.

या लेयरची ऑपॅसिटी (दाटपणा) १०० वर ठेवली तर चेहरा मार बसल्यासारखा काळवंडतो. ग्रीन चॅनलमध्ये गुलाल मुळातच गडद असतो, त्यामुळे जिथं पूड जास्त तिथं काळं आणि जिथं कमी तिथं उजळ, असे डाग उठतात. ६० टक्क्यांवर आणलं तेव्हा घडण राहिली आणि डाग विरले. कपाळावर मात्र ४० च पुरलं, कारण तिथं गुलालाचा थर असमान होता. एक आकडा अख्ख्या चेहऱ्याला लावू नका, मास्कवर राखाडी ब्रशनं जागोजाग कमी-जास्त करा. ग्रीन घेण्याचा आणखी एक फायदा : बहुतेक सेन्सरवर निम्मे फोटोसाइट हिरव्याचे असतात, म्हणून तो चॅनल सर्वांत स्वच्छ असतो. ब्लूचं प्रमाण १५ च्या वर नेलं की गालावर रवाळपणा येतो.

घडण आली तरी रंग एकसुरी होता, गुलाबी प्लास्टिकसारखा. खरी कातडी कुठं दिसते ते शोधलं : कानामागची घडी, गळ्याची वळी, ओठांचे कोपरे. गळ्याच्या घडीतला रंग रेड १५०, ग्रीन ९८, ब्लू ७४ असा भरला. तो उचलून, कलर मोडच्या नव्या लेयरवर १२ टक्के फ्लोनं, चष्म्याखाली आणि जबड्याच्या सावलीकडे हलकासा फिरवला. गुलाल जिथं पातळ बसला असेल तिथून कातडी डोकावते, एवढाच भास हवा. इथं हात सैल सोडला तर 'गुलाल पुसलेला' खोटा चेहरा तयार होतो.

डोळ्यांवर, विशेषतः त्या दोन पट्ट्यांतून दिसणाऱ्या डोळ्यावर, ५० टक्के राखाडी लेयर सॉफ्ट लाइट मोडमध्ये ठेवून बारीक ब्रशनं उजेड वाढवला, एकूण तिसरा हिस्सा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). अर्ध्या स्टॉपच्या पुढं गेलं की फसलंच. ऊन मागून आहे. आबांचा चेहरा मागच्या उन्हातल्या दगडापेक्षा उजळ दिसला तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं.

चेहरा 'एचडी' करून देणारी एआय अॅप आता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. या फोटोवर तसला प्रयोग केला, तेव्हा चेहरा लख्ख झाला, सुरकुत्या गेल्या, चष्म्याची काच स्वच्छ झाली आणि डोळे दुसऱ्याच कुणाचे तरी आले. अशी अॅप चेहरा सुधारत नाहीत, दुसऱ्या असंख्य चेहऱ्यांवरून शिकून नवा बनवतात. दगडाचा कोपरा बनवला तर चालेल. आबांचे डोळे बनवून चालणार नाही, कारण उद्या त्या घरात आठवण म्हणून तीच फ्रेम राहणार.

दोन उलट्या झाका

रंगाचा तोल या फोटोत एका स्लायडरनं सुटत नव्हता. चौकटीभर गुलाबी दिसल्यावर मोबाइलच्या ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटलं, उजेडच गुलाबी आहे. त्यानं सगळा फोटो हिरव्याकडे ओढला. त्यामुळे जवळच्या, गुलाल न पोचलेल्या सावलीतली फरशी हिरवट : रेड ३८, ग्रीन ४७, ब्लू ४५. लांबच्या देवळावर मात्र उडालेल्या गुलालाचा पडदा, म्हणून तोच काळा दगड तिथं रेड ११२, ग्रीन ७०, ब्लू ९२. सावली सुधारायला तोल गुलाबीकडे नेला की देऊळ आणखी गुलाबी. देऊळ सुधारायला हिरव्याकडे नेला की फरशी शेवाळल्यासारखी.

म्हणून दोन वेगळे कर्व्ह, म्हणजे चॅनलचे आकडे वर-खाली करणाऱ्या रेघा. पहिला फक्त गडद भागासाठी : ग्रीन चॅनलचा खालचा बिंदू सात-आठ आकड्यांनी खाली आणला, मास्कनं तो चौकटीच्या खालच्या तिसऱ्या भागापुरता ठेवला. दुसरा लांबच्या भागासाठी : रेडचा काळा बिंदू ० वरून ४० वर, ब्लूचा २० वर, आणि वरून खाली विरत जाणारा ग्रेडियंट मास्क. दगड काळसर झाला, कोरीव कामाच्या कडा दिसू लागल्या. पडदा पूर्ण काढण्याइतका कर्व्ह ओढला नाही. यात्रेच्या दिवशी डोंगरावरची हवाच गुलाबी असते, ती धुऊन टाकली तर फोटो कुठल्याही देवळाचा होईल.

डीहेझच्या स्लायडरबद्दल बरेच जण विचारतात. तो राखाडी धुक्यासाठी बनवलेला आहे. गुलालाच्या पडद्यावर चालवला की कॉन्ट्रास्टबरोबर सॅच्युरेशनही वाढवतो, आणि आधीच फुटलेला रेड आणखी फुटतो. या फोटोवर +२० लाच फेट्याच्या घड्या गायब झाल्या.

शेवटी गुलालाचा स्वतःचा रंग. गुलाबी आणि किरमिजी पट्ट्यात सॅच्युरेशन १२ नं कमी केलं. ऐकायला उलटं वाटतं, गुलालाचा फोटो आणि रंग कमी? पण रंग कमाल पातळीवर असला की त्यात पायऱ्या उरत नाहीत. थोडा खाली आणल्यावर फेट्याच्या घडीत गडद, वळणावर उजळ, खांद्यावर भुकटी असे तीन वेगळे गुलाल दिसू लागले, आणि फोटो आधीपेक्षा जास्त गुलालाचा वाटला.

तो परका हात

उजव्या कडेच्या हातापैकी निम्मा शेवटच्या कातरण्यातच जाणार होता. उरलेला मनगट-मोबाइलचा भाग दगडी जोत्यावर आणि दोन माणसांच्या खांद्यांवर आला होता. जोत्याचे थर डावीकडून क्लोन केले, म्हणजे तिथली नक्कल इथं बसवली. थराची जाडी कॅमेऱ्यापासूनच्या अंतरानुसार बदलते, म्हणून स्रोत तेवढ्याच अंतरावरचा घ्यावा लागतो. जवळचा मोठा थर लांबच्या लहान थराशी जोडला की सांधा ओरडून सांगतो. खांद्यांसाठी हीलिंग ब्रश वापरू नये. तो कडेचा रंग आत ओढतो, आणि गुलालाच्या शेजारी पांढरा सदरा असेल तर चिखल होतो. साधा क्लोन स्टँप, ७० टक्के हार्डनेस.

गर्दीतली बाकी माणसं काढावीत, असंही घरातल्या तरुण मंडळींना वाटत होतं. ते केलं नाही. 'चांगभलं'च्या गजरात उभा माणूस एकटा दाखवणं म्हणजे फोटोतून यात्राच काढून घेणं. आबांवरून नजर हटू नये म्हणून मागच्या माणसांचा उजेड चौथा हिस्सा स्टॉप खाली घेतला, तेवढं पुरलं.

या टप्प्यावर चेहरा, क्लोन केलेला दगड आणि बाकी फोटो यांचा पोत वेगवेगळा दिसतो. शार्पनिंग फक्त उजेडावर दिलं, त्रिज्या ०.८ पिक्सेल, प्रमाण ६०. मग अख्ख्या फोटोवर अगदी बारीक, एकरंगी ग्रेन चढवला. सांधे त्यात मिसळून गेले.

काळा-पांढरा पर्याय

घरच्यांनी दोन्ही मागितले म्हणून काळा-पांढराही केला. याचं सूत्र वेगळं आहे. फक्त रेड चॅनल घेतला तर गुलाल पांढरा पडतो आणि आबा भस्म फासल्यासारखे दिसतात. फक्त ग्रीन घेतला तर चेहरा काजळीसारखा गडद. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबडा रंग जवळजवळ पाहतच नसे, तिच्यावर गुलालाची यात्रा अशीच उमटली असती. शंभर वर्षांपूर्वी, कोल्हापुरात मूकपट बनत होते तेव्हा, नटांच्या रंगभूषेत तांबड्याचा एवढा विचार करावा लागे तो यासाठीच. चेहऱ्याला रेड २०, ग्रीन ६५, ब्लू १५ आणि पार्श्वभूमीला रेड ४०, ग्रीन ५०, ब्लू १० असं मिश्रण बसलं.

सगळा फोटो काळा-पांढरा आणि गुलाल तेवढा रंगीत, ही मागणी हमखास येते. या फोटोत ती नाकारावी असं आमचं ठाम मत आहे. गुलाल चेहऱ्यावर, कपड्यावर, दगडावर, हवेत, सगळीकडे आहे; त्याची कड काढताच येत नाही, आणि काढली तर आबांना नंतर रंग मारल्यासारखं दिसतं.

छपाई आणि फ्रेम

स्क्रीनवरचा गुलाबी कागदावर तसाच येत नाही. भडक किरमिजी रंग फोटो पेपरच्या आणि शाईच्या आवाक्याबाहेर जातो. मशीन त्याला जवळच्या रंगावर आणून बसवतं, बहुधा केशरीकडे किंवा विटकरीकडे. छपाईच्या लॅबकडून त्यांच्या पेपरची प्रोफाइल मागून घ्या आणि सॉफ्ट प्रूफमध्ये (कागदावर कसं उतरेल त्याची स्क्रीनवरची झलक) पाहा. ती मिळत नसेल तर चेहरा आणि फेटा येईल असा ४ बाय ६ चा तुकडा, १२ बाय १५ च्याच मापात, आधी छापून घ्या. इथं पहिल्या तुकड्यात फेटा केशरी उतरला. किरमिजी पट्ट्याचं सॅच्युरेशन आणखी ८ नं कमी करून ह्यू जरासा निळ्याकडे सरकवला, दुसऱ्या तुकड्यात तो गुलाल म्हणून ओळखू आला. लॅबला फाइल एसआरजीबी, ८ बिट जेपेग, कमाल क्वालिटीवर दिली आणि 'ऑटो करेक्शन नको' असं लिहून दिलं. हे लिहिलं नाही तर लॅबचं मशीन पुन्हा तोच प्रकार करतं : गुलाबी दिसलं की हिरवं ओढायचं.

कागद मॅट घेतला. ग्लॉसीवर गुलाल जास्त खुलतो हे खरं, पण ग्लॉसी फोटो काचेला टेकला की कोल्हापूरच्या पावसाळी ओलीत चिकटतो आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. मॅटलाही काचेपासून दूर ठेवणारा माउंट हवाच. फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावू नये.

पुढच्या यात्रेला जाणाऱ्यांसाठी : मोबाइलवर चेहऱ्याला टॅप करून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली ओढा, चेहरा गडद वाटेल, पण रेड वाचेल. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) काढता येत असेल तर काढा, त्यात रेडच्या वरच्या पायऱ्या बऱ्याचदा शिल्लक असतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता 'डेलाइट'वर ठेवा. फ्लॅश बंद, लावला तर कॅमेऱ्याजवळची पूड पांढऱ्या गोळ्यांसारखी चमकते. लेन्सवर गुलाल बसला तर आधी फुंकर मारून झटका, मगच मऊ सुती कापडानं पुसा. सरळ सदऱ्यानं पुसला की पूड काचेवर फासली जाते आणि पुढचे सगळे फोटो धुरकट येतात.

घरच्यांना लेयरसकट १६ बिट टिफ, छपाईची जेपेग आणि नातेवाइकांना पाठवायला १६०० पिक्सेलची छोटी फाइल अशा तिन्ही पेन ड्राइव्हवर दिल्या, सोबत हात न लावलेला मूळ फोटोही.